मधली टाळी

"साधू, साधू, साधू," म्हणून सगळ्यांनी हात जोडले आणि जाईबाईंच्या वर्षाचं पुण्यानुमोदन पार पडलं. कल्याणजवळच्या मोहने गावातल्या त्या घरात आणि दारापुढच्या मांडवात पांढऱ्या कपड्यांतली माणसं गुडघ्याला गुडघा लावून बसली होती, पण एकाचीही चूक झाली नाही. कुठे थांबायचं, कुठे वाकायचं, कुठे एका आवाजात साधू म्हणायचं, हे त्यांना कोणी सांगावं लागत नव्हतं. मांडीवरची पोरंसुद्धा वेळेवर हात जोडत होती. आईच्या, जाईबाईंच्या, फोटोशेजारी बसलेल्या मेघनाला वाटलं, आपली माणसं कधी चुकत नाहीत. फार वर्षांपूर्वी एकदाच चुकली, आणि ते बिचाऱ्यांना अजून ठाऊक नाही.

भन्तेजींचं भोजनदान बाराच्या आत उरकलं आणि पंगती बसल्या. मेघना वरणाची बादली घेऊन फिरत होती आणि मनातल्या मनात एकच वाक्य घोळवत होती. 'आज संध्याकाळी ठाण्यात माझा पियानोचा कार्यक्रम आहे, कोणीतरी चला.' इतकंच. आठ दिवसांपूर्वी ती एकट्या दादाला फोनवर बोलली होती आणि तो नुसता 'बघू' म्हणाला होता. मानपाड्याच्या बँकेत काउंटरवर भल्याभल्यांना गप्प करणाऱ्या ह्या पंचेचाळीस वर्षांच्या बाईला तेव्हापासून ते वाक्य दुसऱ्या कोणाला म्हणता आलं नव्हतं.

तिचं वाजवणं तिच्या स्वतःच्या घरातही कोणी ऐकलेलं नव्हतं. तीन वर्षांपूर्वी मुलगी शिकायला पुण्याला गेली, नवऱ्याला, म्हणजे प्रेमला, कंपनीत कायमची सेकंड शिफ्ट लागली, आणि रिकाम्या संध्याकाळी खायला उठल्या तेव्हा तिने ठाण्यातला मोठ्या माणसांचा पियानोचा क्लास धरला. घरी सरावाला इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड आणला. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून तो हेडफोन लावून वाजवायचा. तिच्या कानात सूर असत आणि घरात नुसती पट्ट्यांची टकटक. सुट्टीच्या दिवशी प्रेम सोफ्यावरून विचारी, "झालं का टायपिंग?" माणूस वाईट नव्हता, त्याला खरंच तेवढंच ऐकू यायचं. आजही तो पहिल्या पंगतीला दोन घास खाऊन उठला होता. "शिफ्ट बदलून मिळाली असती ना, तर नक्की आलो असतो गं," असं म्हणून बाइकला किक मारून गेला.

"आमच्या मेघीची बोटं बघा," पंगतीच्या टोकाला बसलेल्या बायजाआत्या शेजारणीला म्हणाल्या. ह्या मेघनाच्या वडिलांच्या, कुंडलिकबाबांच्या, थोरल्या बहीण. ऐंशी उलटल्या तरी आवाज मांडवभर जायचा. "ही बादली धरायची बोटं न्हाईत. ठाण्याच्या हॉलात त्यो मोठा काळा बाजा वाजवलाय तिनं. सतरा वर्सांची व्हती. समदे सायेब लोक बसल्याले. आन् असा वाजवला, असा वाजवला, आमचा कुंडलिक उभाच ऱ्हायला! ह्या टाळ्या! मीबी वाजवल्या, जाईनंबी वाजवल्या. समदा हॉल वळून आमच्याकडं बघाया लागला."

"मग?" शेजारीण म्हणाली.

"मग काय, हिनं उठून नमस्कार घातला न् गेली आत, राणीवानी."

ही ह्या घरातली लाडकी गोष्ट होती. लग्न असो, नामकरण असो, कोणीतरी ती काढायचंच. गंमत म्हणजे जाईबाई स्वतः ती कधी सांगत नसत. दुसऱ्याने सांगितली की नुसत्या पदराशी चाळा करत ऐकायच्या. आणि धम्मपालदादा प्रत्येक वेळी काहीतरी निमित्त काढून उठायचा. आताही तो पाण्याचा जग भरायला म्हणून आत गेला. जग भरलेलाच होता.

खरं काय झालं होतं ते फक्त आपल्याला माहीत आहे, असं मेघना इतकी वर्षं धरून चालली होती. कुंडलिकबाबा दिवसा रेयॉनच्या कारखान्यात आणि संध्याकाळी भीमगीतांच्या गायन पार्टीत पेटीला. पार्टीच्या कार्यक्रमात कडवं संपलं की समोरच्यांनी टाळी दिलीच पाहिजे. नाही दिली तर तो गाणाऱ्याचा अपमान. मेघनाचा हात त्याच पेटीवर बसला. शाळेतल्या परेरा मिसनी तो हेरला आणि तिला आपल्या घरच्या पियानोवर बसवलं. पाच वर्षं शिकवून ठाण्याच्या रंगमंचावर नेलं. रचना तीन भागांची होती. पहिला भाग संपला, मेघनाने श्वास घ्यायला हात मांडीवर घेतले, आणि जिथे तसल्या कार्यक्रमात कोणी खोकतसुद्धा नाही नेमक्या त्या जागी बाबा उभे राहिले आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या रांगांमधून माना वळल्या. कोणीतरी दातांतून 'शूऽऽ' केलं, कोणी फिसकन हसलं. बाबांचे हात हवेतच थांबले. काय चुकलं ते न कळून ते लेकीकडे बघत राहिले.

मेघना उठली. सगळं वाजवून झालं अशा थाटात पुढे आली, बाबांकडे बघून नमस्कार केला आणि आत निघून गेली. बापाची टाळी चुकीची ठरू नये म्हणून तिने वाजवणंच तिथे संपवून टाकलं. मग हॉलनेही टाळ्या वाजवल्या आणि बाबांचे हात पुन्हा सुरू झाले. आत मिसनी विचारलं, "अशी मधेच का उठलीस?" ते तिला सांगता आलं नाही, आणि त्यानंतर ती मिसच्या दारात कधी गेली नाही. त्या काय, ती काय, दोघी आपापल्या जागी दुखावून बसल्या. पण तिला जास्त लागलं ते घरच्यांचं. इतकं कौतुक करायचे सगळे, पण 'मेघा, परत वाजव ना' असं एकदासुद्धा कोणी म्हणालं नाही. बाबा म्हणाले नाहीत, आईही नाही. ऐकावंसंच वाटलं नसेल, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं. राहिलेले दोन भाग राहिलेच.

तिने बादली खाली ठेवली.

"दादा," ती म्हणाली, आणि तिचा आवाज तिलाच मोठा वाटला. "मी आज संध्याकाळी परत वाजवतेय. ठाण्यात, सहा वाजता. त्या वेळी वाजवलेलं तेच. कोणीतरी चला ना माझ्याबरोबर. एक जण आला तरी बास."

बायजाआत्यांचा घास हातातच राहिला. दादा जग घेऊन दारात उभा होता. बाबांच्या माघारी ह्या घराचा कर्ता तोच, आणि कर्त्याचा चेहरा करायला तो आता चांगला शिकला होता.

"आज आईचं वर्ष आहे, मेघा."

"सकाळचं झालं ना सगळं."

"संध्याकाळी पार्टीची माणसं येतायत. आईसाठी चार गाणी म्हणतील. परवाच बोलावलंय मी त्यांना."

"परवा?" मेघना म्हणाली. "मी तुला आठ दिवस आधी सांगितलेलं."

दादाने जग खाली ठेवला आणि तो कुठे ठेवला ते बघत बसला.

"पप्पा, मी नेतो ना मेघाआत्याला," त्याचा मुलगा सम्यक म्हणाला. नुकताच नोकरीला लागलेला, गाडी चालवायला निमित्तच शोधायचा. "पार्टीवाले काय, आठशिवाय सुरू नाही करत. मस्त जाऊन येऊ."

"तुला सतरंज्या आणायच्यात, माइकवाल्याकडे जायचंय. काही नाही जायचं."

"म्या येती!" बायजाआत्यांनी ताटातच हात झटकला. "मेघे, माझं लुगडं पांढरंच हाय, चालंल नव्हं?"

"आत्या, तू तर अजिबात नाही," दादा एकदम तडकला. "तिथे तुला खोकूसुद्धा देणार नाहीत."

"का रं? म्या काय तमाशा कराया चालली व्हय?"

मायावहिनी आतून पोळ्यांची परात घेऊन आल्या. त्या आधी नेहमीप्रमाणे नवऱ्याच्याच बाजूने बोलल्या. "ताई, आजचा दिवस जाऊ द्या ना. दरवर्षी असतं ना हे तुमच्या क्लासचं?"

"असतं वहिनी. दोनदा नाव दिलं आणि दोन्हीदा मीच काढून घेतलं. धीर नाही झाला. आता ह्या वर्षी पण काढलं, तर परत देणार नाही मी." मेघनाचे डोळे भरून आले आणि भर पंगतीत ते भरले म्हणून तिला स्वतःचाच राग आला. "मला फक्त आपलं कोणीतरी समोर बसलेलं हवंय."

वहिनींनी परात खाली ठेवली. नणंदेकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. त्यांचं पारडं कुठे झुकलं ते सगळ्या पंगतीला दिसलं.

"अहो, जाऊ दे ना सम्यकला. सतरंज्या काय, शेजारची पोरं आणतील."

"कोणी जाणार नाही," दादा म्हणाला. "विषय संपला."

"संपला कसा? बहीण तुमची रडतेय इथं आणि तुम्ही विषय कसला संपवता?"

"माया, तुला माहीत नाही त्यात बोलू नको."

"मग सांगा ना मला माहीत नाही ते!"

तो मान खाली घालून मांडवाबाहेर गेला. लोकांनी मुकाट जेवणं आटोपली. अशा वेळी वरण फार खपतं. ज्याला त्याला ताटात बघायला काहीतरी हवं असतं.

चारच्या सुमाराला मेघना एकटी निघाली. वहिनींनी तिच्या पिशवीत डबा कोंबला आणि गेटपर्यंत आल्या. "ताई, राग नका धरू. हे आज असे का वागतायत, मला खरंच कळत नाहीये."

"मी कोणावर राग धरू, वहिनी," ती म्हणाली आणि रिक्षात बसली.

कल्याणहून तिने ठाण्याची एसटी धरली. शेजारची जागा रिकामी होती. तिथे तिने पिशवी ठेवली आणि त्या रिकाम्या जागेचा तिला असा काही त्रास व्हायला लागला, की शेवटी पिशवी उचलून मांडीवर घेतली. बाबा असते तर पार्टी, पाहुणे सगळं सोडून पुढच्या बाकावर येऊन बसले असते. बाबा गेले त्याला नऊ वर्षं झाली. आईला तरी विचारायला हवं होतं क्लास धरल्यावर, पण आई तेव्हा अंथरुणावर होती, आणि विचारून ती 'कशाला गं' म्हणाली असती तर? ती भीती आता उरली नव्हती. आईच उरली नव्हती.

घोडबंदर रोडवरच्या त्या शाळेच्या सभागृहात नुसती लगबग चालली होती. कोणाची सासू फुलं घेऊन आली होती, कोणाच्या मुलांनी बापासाठी रंगीत पाटी करून आणली होती. एक निवृत्त इंजिनियर नातवाकडून टायची गाठ सारखी करून घेत होते. क्लासमधली मुलगी खुर्च्यांवर चिठ्ठ्या चिकटवत मेघनाजवळ आली.

"मॅम, तुमच्याकडून किती जण? पुढच्या सीट्स ठेवायच्यात."

"कोणी नाही," मेघना म्हणाली. "नका ठेवू."

मुलगी जरा घुटमळली आणि "ओके मॅम" म्हणून पुढे गेली. सगळ्यांना काळे कपडे सांगितले होते. मेघनाच्या पिशवीत काळा कुडता इस्त्री करून ठेवलेला होता. पण आत जाऊन बदलावं असं काही तिला वाटलं नाही. आईच्या वर्षाची पांढरी साडी होती, आपल्या माणसांची म्हणून आज तेवढीच सोबत होती.

मध्यंतराच्या आधीचं शेवटचं नाव तिचं होतं. ती जाऊन बसली. दिव्यांच्या झोतात समोरचं काही दिसत नव्हतं, नुसता काळोख आणि त्यात कोणीतरी हलल्याची चाहूल. पहिल्या दोन ओळींत डावा हात मागे पडला. मग हातांना रस्ता आठवला. सतरा वर्षांच्या पोरीने जिथे जोर दिला होता तिथे ह्या बाईला जोर द्यावासा वाटेना. ती हलकेच पुढे गेली. पहिला भाग संपला आणि तिने हात मांडीवर घेतले.

कोणीही हललं नाही. सगळी शिकलीसवरली माणसं, कुठे थांबायचं ते जाणणारी. शांतता कशी चोख होती. आणि मेघनाला कळलं, की आपण वाट बघतोय. इतकी वर्षं त्या एका टाळीची आठवण आली की तिचे कान तापायचे, आणि आज तीच टाळी यावी म्हणून ती जीव कानात आणून बसली होती. तिच्या घरच्या हिशेबात ह्या शांततेचा अर्थ एकच होता, समोर आपलं कोणी नाही. बाबा उठणार नव्हते. तिला इतकं एकटं वाटलं, की क्षणभर खरंच उठून आत जावंसं वाटलं.

ती उठली नाही. तिने हात पुन्हा पट्ट्यांवर ठेवले आणि राहिलेला दुसरा भाग वाजवला. तो संथ होता. परेरा मिस म्हणायच्या, हा कोणाला तरी घरी पोचवत चालल्यासारखा वाजव. त्या वयात तिला ते कळलं नव्हतं. मग तिसरा, धावता भाग. त्यात ती दोन ठिकाणी चुकली, पण थांबली नाही. शेवटचे सूर वाजले, दिवे लागले, सगळा हॉल टाळ्या वाजवू लागला. चांगल्या, मनापासूनच्या टाळ्या होत्या. तिने नमस्कार केला. परक्यांचं कौतुक घेऊन ती आत गेली.

मध्यंतरात बाहेरच्या व्हरांड्यात चहा होता. ज्याचं त्याचं माणूस ज्याच्या त्याच्या गळ्यात पडत होतं, फोटो निघत होते. मेघना कागदी कप घेऊन खांबाशी उभी राहिली. डबा उघडावा की तसाच घरी न्यावा, ह्याचा ती विचार करत होती. तेवढ्यात गेटजवळ, वॉचमनच्या खुर्चीमागे, तिला एक पांढरा सदरा दिसला.

"दादा?"

धम्मपालदादा पुढे आला. सकाळचेच कपडे, कपाळावर घाम.

"कधी आलास?"

"तू स्टेजवर यायच्या जरा आधी. शीळफाट्याला अडकलेलो, नाहीतर लवकर पोचलो असतो. मायाने हाकललं. म्हणाली, पार्टीचं मी बघते, तुम्ही आधी निघा."

"मग आत आलास? ऐकलंस?"

"मागच्या रांगेत होतो. हात मांडीखाली दाबून बसलेलो."

"हात का?"

"चुकून वाजायला नकोत," दादा म्हणाला.

मेघनाने हातातला कप खाली ठेवला.

"आईला माहीत होतं, मेघा," तो खाली बघत म्हणाला. "त्या वेळी आठवड्याभराने परेरा मिस तिला बाजारात भेटलेल्या. मिसनी सगळं सांगितलं. अर्धंच वाजवून उठली, का ते सांगत नाही, म्हणाल्या. आईला लगेच कळलं का ते. घरी येऊन तिने फक्त मला सांगितलं. बाबांना कळू द्यायचं नाही म्हणून माझ्याकडून वचन घेतलं. म्हणाली, पोरीने बापापायी सोडलं. आता परत वाजव म्हटलं, तर हे परत जाऊन बसतील, परत टाळ्या वाजवतील आणि ती परत उठेल. त्यापेक्षा कोणी विचारूच नका तिला."

"आणि बाबा गेल्यावर?"

"मी म्हटलेलं आईला, सांगूया का. ती म्हणाली, नको. आपल्याला काही कळलं नाही असंच वाटू दे तिला, तेवढंच तिचं समाधान." दादाने सदऱ्याच्या बाहीने तोंड पुसलं. "पार्टीवाल्यांना मीच मुद्दाम बोलावलं. म्हणजे घरातून कोणी निघणार नाही. आत्या काय टाळी दिल्याशिवाय राहिली असती? आणि तू परत उठली असतीस."

मेघनाला रडू आलं आणि त्याच्या दुप्पट राग आला. आई जन्मभर पदराशी चाळा करत ती गोष्ट ऐकत राहिली, आणि मेघना समोर बसून नुसती तिच्याकडे बघत राहिली. दोघींनी एकमेकींना जपता जपता एकमेकींना एकटं टाकलं.

"अरे, पण विचारायचं तरी एकदा!"

"तू तरी सांगायचंस एकदा," दादा म्हणाला.

व्हरांड्यात कोणीतरी हसलं. वॉचमनने खुर्ची जरा बाजूला सरकवून घेतली.

"शेवटी तरी टाळी वाजवलीस का?" तिने नाक ओढत विचारलं. "सगळे वाजवत होते तेव्हा?"

"नाही," दादा ओशाळून म्हणाला. "म्हटलं, अजून एखादा भाग असला तर?"

मेघनाला हसू फुटलं. रडताना आलेलं हसू आवरत नाही, तसं ते आवरेना. "तीनच होते रे."

"नक्की? आता पुरतं संपलं?"

"हो दादा. संपलं."

दादाने गाडीची किल्ली खिशात टाकली. तळवे सदऱ्याला पुसले. मग दोन पावलं मागे सरकला आणि पार्टीच्या कार्यक्रमात देतात तशी, हात डोक्यापर्यंत नेऊन, खणखणीत टाळी वाजवू लागला. चहा पिणारी माणसं वळून बघायला लागली. त्याने कोणाकडे बघितलं नाही.

ह्या वेळी मेघनाने घाई केली नाही. त्याचे हात दमून थांबेपर्यंत ती तशीच उभी राहिली, आणि मग तिने नमस्कार केला.